'फिरायला' कळतं, मग 'ये' का कळत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिकू तीन वर्षांची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमधून घरात आणलेली. आतल्या खोलीत कुणी हळूच 'फिरायला' म्हटलं तरी ती पट्ट्याच्या खुंटीखाली जाऊन उभी राहते, म्हणून बाबांचं ठाम मत की तिला सगळं मराठी कळतं. पण मैदानात मोकळी सोडल्यावर 'चिकू, ये' असं वीस वेळा ओरडलं, तर मान वर करून बघते आणि परत गवतात नाक खुपसते. शेजारचे काका म्हणतात, गावठी आहे, लॅब्राडोर घेतला असता तर ऐकला असता. आणि तुम्हाला वाटतंय की ती मुद्दाम करते. तर तिला आपलं बोलणं कळतं की नाही?

मी पुण्यात २१ वर्षं लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना शिकवते आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात मला दर आठवड्याला भेटतो. यात निम्मा घोळ आपल्या भाषेनेच घातलाय. मराठीत 'ऐकणं' म्हणजे कानावर पडणं, आणि 'ऐकणं' म्हणजे सांगितलेलं करणंसुद्धा. 'कुत्री ऐकत नाही' असं म्हणताना यातलं नेमकं काय होत नाहीये, हे आपण बघतच नाही. कानावर पडलं का, कळलं का, आणि कळून केलं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. चिकूच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतील असा माझा अंदाज आहे.

पहिला प्रश्न लवकर आटपतो. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याबद्दल कुणी हे विचारलं तर मी आधी कान तपासून घ्या म्हणते, कारण म्हातारपणी ऐकू कमी येतं आणि घरच्यांना वाटतं हट्टी झालाय. पावसाळ्यात कानात इन्फेक्शन झालेलं कुत्रंही असंच वागतं. डाल्मेशियनसारख्या जातीत जन्मजात बहिरेपण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. चिकूला आतल्या खोलीतलं ऐकू येतंय, म्हणजे कान ठणठणीत आहेत. पुढे जाऊ.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी एक चाचणी करते. माझ्याकडे तिचं नाव 'बटाटा चाचणी'. काही वर्षांपूर्वी एका घरी गेले होते. चार वर्षांचा लॅब्राडोर, मालक कौतुकाने म्हणाले, 'बस म्हटलं की बसतो, बघा.' बसला. मी त्यांना म्हटलं, आता दोन्ही हात खिशात घाला, भिंतीकडे तोंड करा, आणि त्याच आवाजात 'बस' म्हणा. म्हणाले. कुत्रा उभाच. आधी त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग वाकून त्यांच्या खिशाकडे, मग माझ्याकडे. मग मी म्हटलं, आता त्याच्यासमोर उभे राहा, नेहमीसारखा हात वर करा, आणि 'बटाटा' म्हणा. कुत्रा फटकन बसला. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या लॅब्राडोरला चार वर्षांत 'बस' हा शब्द शिकवलाच गेला नव्हता. त्याला उचललेला हात शिकवला होता, शब्द नुसता बरोबर वाजत होता. कुत्र्याचं पहिलं लक्ष आपल्या शरीराकडे असतं. खांदे कुठे वळले, नजर कुठे गेली, हात कुठे चाललाय, हे सगळं त्याने शब्दाच्या आधी वाचलेलं असतं. हात आणि शब्द एकाच क्षणी आले तर तो हात धरतो आणि शब्द सोडून देतो. हे फक्त कुत्र्यांचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये 'हान्स' नावाचा घोडा खुराने टापा मारून बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला होता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नाही. उत्तराचा आकडा आला की समोरच्या माणसाच्या अंगात नकळत होणारी बारीक हालचाल त्याला दिसते आणि तो थांबतो. तुमच्या घरी संध्याकाळी सहाला बाबा खुर्चीतून उठतात, चष्मा काढून ठेवतात, चपलांकडे बघतात, आणि मग 'फिरायला' म्हणतात. त्यात शब्दाचा वाटा किती?

शोधायचं असेल तर एक करा. दुपारी दोन वाजता, सोफ्यावर बसून, चिकूकडे न बघता, फोनवर बोलावं तशा सपाट आवाजात म्हणा, 'मावशी महाबळेश्वरला फिरायला गेलीय.' तिचे कान उभे राहिले, तर शब्द खराच रुजलाय. बऱ्याच कुत्र्यांचे राहतात, हेही सांगते. मी ज्या घरांत ही चाचणी केली तिथे 'बस'मध्ये नापास झालेली कुत्री 'फिरायला'मध्ये पास झालीत. काही घरांत तर शब्द लपवण्याची शर्यतच लागते. 'फिरायला' बंद करून 'वॉक', तो कळला म्हणून 'राउंड', शेवटी 'भ्रमंती'. दहा दिवसांत कुत्र्याला भ्रमंतीही कळते.

म्हणजे शब्द कळतात. किती कळतात हे कुत्र्यावर आणि शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावं शिकवली. त्यात कापडी प्राणी होते, शंभराहून जास्त चेंडू होते, फ्रिस्बी होत्या. हे २०११ साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून प्रत्येक पालकाला आपला कुत्रा चेसर वाटतो. पण ते गृहस्थ निवृत्तीनंतरचा दिवसाचा मोठा भाग त्यातच घालवत होते, आणि चेसर हे फार विरळ उदाहरण आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी साध्या घरगुती कुत्र्यांना तीन महिने खेळण्यांची नावं शिकवून पाहिली, तर बहुतेकांना दोन खेळण्यांतला फरकही नावावरून धड सांगता आला नाही. याउलट कॅनडात २०२२ साली १६५ पालकांना यादी देऊन विचारलं, तर त्यांच्या मते त्यांची कुत्री सरासरी ८९ शब्दांना किंवा छोट्या वाक्यांना प्रतिसाद देत होती. हा पालकांचा अंदाज आहे, आणि त्यातले काही शब्द बटाटा चाचणीत गळतील असं मला वाटतं. तरी त्या यादीतले बरेच शब्द 'बस', 'थांब' अशा कृतींचे होते. वस्तूचं नाव शिकणं कुत्र्याला जड जातं, कृती शिकणं सोपं.

इथे एक गंमत आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. त्याच बुडापेस्टमधून २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १८ कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. मालकाच्या आवाजात ओळखीच्या खेळण्याचं नाव ऐकवलं आणि मग कधी तेच खेळणं दाखवलं, कधी भलतंच. भलतं दिसलं की मेंदूतली लहर वेगळी उमटायची. म्हणजे 'चेंडू' ऐकल्यावर चेंडू दिसेल अशी अपेक्षा त्या डोक्यात आधीच तयार झालेली होती. आणि हे नाव ओळखून वस्तू आणून देणाऱ्या हुशार कुत्र्यांपुरतं नव्हतं. कळणं आणि करून दाखवणं यांच्यात इतकं अंतर असू शकतं.

सुराबद्दलही सांगायला हवं, कारण 'त्याला शब्द कळत नाहीत, फक्त टोन कळतो' असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट आहे. बुडापेस्टच्याच अटिला आंडिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १३ कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं (मला तर शिकवणाऱ्यांचंच जास्त कौतुक वाटतं) आणि हंगेरियन भाषेत कधी शाबासकीचे शब्द शाबासकीच्या सुरात ऐकवले, कधी तेच शब्द कोरडेपणाने, कधी कुत्र्याला ज्यांचा काही अर्थ नाही असे साधे शब्द लाडाने. मेंदूतला आनंदाचा भाग जास्त उजळला तो शब्द आणि सूर दोन्ही जुळले तेव्हाच. लाडाच्या सुरात काहीही बडबडलं तर त्याला तितकं महत्त्व मिळत नाही, आणि ओढून-ताणून कोरडं 'गुड गर्ल' म्हटलं तरीही नाही. मैदानात वैतागून ओरडलेल्या 'ये'मध्ये शब्द बोलावतो आणि सूर हाकलतो. तुम्ही कुणाकडे गेला असता?

जाता जाता बाबांच्या दुसऱ्या पुराव्याबद्दल. उशी फाडल्यावर 'हे काय केलंस?' म्हटलं की चिकू कान पाडून कोपऱ्यात जाते, म्हणून तिला चूक कळते, असं तुम्ही लिहिलंय. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. काहीच न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. ती तुमचा राग वाचतेय, उशीचा पंचनामा नाही.

आता मराठीची खास अडचण. ये, घे, दे, ने. एकदा मोठ्याने म्हणून बघा. चारही एकाक्षरी, शेवट एकच, फरक फक्त पहिल्या आवाजाचा. २०२० साली बुडापेस्टच्याच गटाने तपासलं की ओळखीच्या आज्ञेत एकच ध्वनी बदलून निरर्थक शब्द केला तर कुत्र्याचा मेंदू दोन्हींत फरक करतो का. केला नाही. अगदी वेगळा वाटणारा शब्द मात्र लगेच वेगळा पडला. कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहेत, पण शब्दातल्या बारीक फरकाकडे लक्ष देणं वेगळं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्यात, चिकूला 'ये' आणि 'घे' एकच वाटत असतील तर तिचा दोष नाही. 'बस'ची तऱ्हा आणखी वाईट. आपल्याकडे 'बस' म्हणजे खाली बस, 'बस' म्हणजे पुरे, आणि 'बस' म्हणजे रस्त्यावरची पीएमपीची गाडी. माझी पहिली कुत्री रिक्षात सीटवर उभी राहून बाहेर बघायची. दवाखाना आला की मी रिक्षावाल्या काकांना म्हणायचे, 'बस, बस, इथेच', आणि ती मागे खट्कन बसायची. काका हसायचे. मला ट्रेनर म्हणून जरा लाजच वाटायची, कारण शब्द मीच निवडला होता. आणि 'चल' तर विचारूच नका. तुम्ही फोनवर 'चल, ठेवते' म्हणता तेव्हा कुत्रं का उठतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मग इंग्रजी शब्द वापरावेत का? भाषा कोणती यावर काही अडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी फार कडक होते. घरात एकच भाषा, एकच शब्द, आजीनेसुद्धा 'सिट'च म्हणायचं. एका घरी आजींनी मला शांतपणे सांगितलं, 'मी माझ्या पद्धतीने सांगते, बघ.' त्या 'बैस गं बाई' म्हणाल्या आणि कुत्री बसली. नात 'सिट' म्हणाली, तरी बसली. तेव्हापासून मी तो नियम सोडला. प्रत्येक माणूस आपल्यापुरता एकसारखा बोलत असेल तर कुत्रं माणसागणिक शब्द शिकतं. मेक्सिकोहून बुडापेस्टला गेलेल्या एका संशोधिकेने आपल्या कुन-कुन नावाच्या कुत्र्यावरून हा प्रश्न घेतला आणि १८ कुत्र्यांना एकच गोष्ट स्पॅनिश आणि हंगेरियनमध्ये ऐकवली. ओळखीची भाषा आणि अनोळखी भाषा त्यांच्या मेंदूत वेगळी उमटली, आणि वय जास्त तसा फरक जास्त ठळक होता. घरातलं वर्षानुवर्षांचं बोलणं वाया जात नाही. 'सगळं मराठी कळतं' हे बाबांचं म्हणणं खरं नाही, पण मराठी ही आपल्या घरची भाषा आहे एवढं तिला कळत असणार.

आता मुद्द्यावर. 'फिरायला' का चालतं आणि 'ये' का नाही?

गेल्या तीन वर्षांत 'फिरायला' म्हटल्यावर काय झालं ते आठवा. पट्टा, जिना, बाहेर. जवळजवळ दर वेळी. त्या शब्दाचा अर्थ कधी बदलला नाही. आता 'ये' घ्या. घरात 'ये' म्हटल्यावर कधी खाऊ, कधी कान साफ, कधी अंघोळ, कधी नखं, आणि अनेकदा काहीच नाही, कारण 'ये' तुम्ही दाराशी आलेल्या इस्त्रीवाल्यालाही म्हणता. मैदानात 'ये' म्हटल्यावर पट्टा लागतो आणि खेळ संपतो. चिकूच्या दृष्टीने मैदानातल्या 'ये'चा अर्थ 'आता घरी' असा आहे, आणि तो तिला अगदी बरोबर कळलाय. मुद्दाम करते का? सूड म्हणून नाही. समोर वास आहे, मागे पट्टा आहे, आणि ती वास निवडते. त्यात वीसदा ओरडल्यामुळे तिने आणखी एक गोष्ट शिकलीय, की पहिले एकोणीस 'ये' मोजायचे नसतात.

काकांना एवढंच सांगा. आयसर या विज्ञान संस्थेच्या कोलकाता शाखेतल्या अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या, कुणीही न शिकवलेल्या कुत्र्यांसमोर दोन वाट्या ठेवून एकीकडे बोट दाखवलं. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केलं की जी कुत्री जवळ आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट बरोबर ओळखलं. साधारण निम्मी मात्र जवळच आली नाहीत, घाबरत होती. माझाही अनुभव तोच आहे. गावठी कुत्र्याला कळण्यात अडचण नसते, अडचण आली तर ती भीतीची असते. पार्किंगमध्ये काढलेले पहिले दिवस चिकू विसरली नसेल, तर चढलेल्या आवाजाकडे ती येणार नाही. ती लॅब असती तर कदाचित खाऊच्या लोभाने लवकर आली असती, एवढं काकांचं बरोबर धरू.

थोडक्यात, कान ठीक आहेत, शब्द कळतात, 'ये' हा शब्द मात्र तीन वर्षांत बिघडलाय. बिघडलेला शब्द दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं पडतं. मी लोकांकडून असं करून घेते:

घरात कुणीच रोज वापरत नाही असा दोन-तीन अक्षरी, खणखणीत शब्द घ्या. 'परत' घेऊ नका, 'परत काय केलंस' मध्ये त्याची वाट लागते. 'इकडे'ही नको. पहिला आठवडा घरातच, चिकू दोन पावलांवर असताना, शब्द एकदाच म्हणायचा, मनात 'एक' मोजायचं, आणि मगच हात खाली करून उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. शब्द आधी, हात नंतर, हा क्रम चुकवू नका. एकत्र केलंत तर परत बटाटा. रोज दहा-पंधरा वेळा, पाच मिनिटांत संपवायचं. दुसऱ्या आठवड्यात जिना, पार्किंग, मग मैदान, पण मैदानात सात-आठ मीटरची लांब दोरी लावून. जागा बदलली की कुत्र्याला शब्द जवळजवळ नव्याने शिकावा लागतो, म्हणून हॉलमध्ये पक्की झालेली गोष्ट मैदानात विसरली तर चिडू नका. सूर वर जाणारा, हलका. बोलावताना छोटे, तुटक, लागोपाठचे आवाज, आणि थांबवताना एक लांब, उतरता आवाज, हे वेगवेगळ्या भाषांतले प्राणी हाकणारे लोक करतात असं प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅकोनेल यांनी नोंदवलंय, आणि बैलगाडीवाल्याचा 'होऽऽ' ऐकला असेल तर पटेलच.

सगळ्यात महत्त्वाचं, मैदानात दहादा बोलावलंत तर नऊदा खाऊ देऊन परत सोडून द्या. पट्टा लावा, काढा, सोडा. दहाव्यांदा घरी न्या. अंघोळीसाठी तो शब्द कधीही वापरू नका, त्यासाठी उठून तिच्याकडे जा. शब्द म्हटला आणि आली नाही, तर दुसऱ्यांदा म्हणू नका. दोरी हळू गोळा करत जवळ जा आणि पुढच्या वेळी अंतर कमी ठेवा. किती दिवस लागतील ते चिकूवर आणि घरातल्या शिस्तीवर आहे. माझ्याकडे तीन आठवड्यांत जमलेली कुत्री आहेत आणि चार महिने घेतलेलीही. तोवर रस्त्यालगतच्या मैदानात दोरीशिवाय सोडू नका.

शब्द घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवा, विशेषतः बाबांना विचारून, नाहीतर ते 'ये'च म्हणत राहतील. माझ्या एका घरी 'चकली' ठरलंय. दूरवर जातं, शेवटचा 'ई' लांबवता येतो, आणि रोजच्या बोलण्यात येत नाही. फक्त दिवाळीत तिथे फराळ वाढताना सगळे 'ती गोल वस्तू घ्या ना अजून एक' असं म्हणतात, आणि पाहुणे एकमेकांकडे बघतात.